साडेतेवीस इंच

गोरक्ष ढिकले हा माणूस माझ्या डोक्यात जातो, हे आधीच सांगून टाकतो. सव्वीस वर्षं आम्ही नाशकात अंबडला एकाच कारखान्यात आहोत. मी मशिनवर, तो तपासणी खात्यात. म्हणजे माल मी काढायचा आणि त्यात खोट त्याने काढायची. आमच्याकडे गाड्यांच्या दारांची बिजागरं तयार होतात. एखादं भोक केसभर मोठं झालं की गोरक्ष ती अख्खी पेटी बाजूला ठेवतो, तिला लाल चिठ्ठी चिकटवतो आणि चेहऱ्यावरची रेषही न हलवता चहाला निघून जातो. मी किती वेळा त्याच्याशी भांडलो याला गणती नाही. तो मात्र भांडत नाही. "शेखर, माप बोलतंय. मी काय बोलू?" एवढंच म्हणतो.

भोक तपासायला त्याच्याकडे पोलादी गेज असतात. गेज आत गेलं तर माल पास, अडकलं किंवा डुगडुगलं तर नापास. हे गेजसुद्धा वापरून झिजतात, म्हणून दर सहा महिन्यांनी त्यांचीच तपासणी होते. प्रत्येकाला एक छोटी पांढरी चिठ्ठी लावलेली असते. वरच्या ओळीत तपासल्याची तारीख, खालच्या ओळीत पुढच्या तपासणीची. एकदा एका गेजची तारीख उलटून चार दिवस झाले होते, तर या गृहस्थाने माझं मशिन बंद केलं आणि चार दिवसांचा माल परत मोजायला लावला. सगळा माल बरोबर निघाला. मी त्याला नको नको ते बोललो. त्यावर त्याचं म्हणणं असं, की मोजणारंच जुनं असलं तर मोजलेल्याला काय अर्थ? हे वाक्य त्या वेळी मी हसण्यावारी नेलं.

तो मूळचा सायखेड्याचा. सिडकोत त्याचं छोटं बैठं घर आहे. घरात बायको उज्वला आणि एकुलती एक मुलगी आरोही. आरोही आठवीत असताना जिना चढताना पडायला लागली. नाशिकला झालं, मग मुंबईला नेऊन झालं. स्नायू हळूहळू दुबळे होत जाण्याचा आजार निघाला. औषध नाही, व्यायाम करा, हात जितके चालतील तितके चालू ठेवा, असं डॉक्टरांनी सांगितलं. दहावीला ती चाकाच्या खुर्चीत बसली. पोरगी तल्लख, आणि जिभेला धार अशी की मलाही दोन वेळा विचार करून बोलावं लागतं.

ती सतरा वर्षांची असताना एक प्रसंग घडला. कॉलेजच्या फाटकाशी गोरक्ष तिला नेहमीसारखा उचलून रिक्षातून उतरवत होता. ओढणी रिक्षाच्या दांड्यात अडकली, कुर्ता वर गेला, समोर वर्गातली मुलं उभी होती. कुणी हसलं नाही. दोन पोरं तर मदतीला धावली. पण घरी आल्यावर आरोहीने सांगून टाकलं, की यापुढे तिला कुणी उचलायचं नाही, ती काही गव्हाचं पोतं नाही. कुठे जायचं असेल तर ती आपल्या हाताने गाडीत बसेल, नाहीतर जाणार नाही. आणि ती खरंच गेली नाही. बारावी घरून केली, मग मुक्त विद्यापीठात नाव घातलं. सख्ख्या चुलतभावाचं लग्न सायखेड्याला होतं, त्यालाही नाही. घरातल्या घरात मात्र तिचं सगळं तिचं ती करायची.

त्यासाठी गोरक्षने तिला एक फळी करून दिली होती. सागवानी, कडा गोल केलेल्या, वर सनमायका. फळीचं एक टोक खुर्चीवर आणि दुसरं पलंगावर ठेवायचं, की आरोही दोन्ही तळहात दाबून थोडी थोडी सरकत पलंगावर जायची. हेच गाडीत जमलं तर? गोरक्षच्या डोक्यात किडा शिरला तो तेव्हा.

आता गाडी कुठली, तर तिथे घोडं अडलं. लहान गाडीची बैठक खुर्चीइतकीच असते, सरकायला सोपी. पण आरोहीला मान वाकवता येत नाही, पाठीला पट्टा असतो, त्यामुळे छताची कड कपाळाला लागणार. मोठी उंच गाडी घ्यावी तर बैठक छातीला येते. राहता राहिल्या त्या मधल्या, हल्ली गल्लोगल्ली दिसतात त्या आखूड एसयूव्ही. छत उंच, बैठक मध्यम. त्यातली नेमकी कुठली, हे मोजूनच ठरवायचं होतं आणि मोजायला गोरक्षपेक्षा लायक माणूस अख्ख्या नाशकात नव्हता.

त्याने आधी आरोहीचं माप घेतलं. दिवाळीची सुट्टी होती, मीही फराळाला गेलो होतो. खुर्ची वीस इंच उंच. पलंगाखाली विटा, विटांवर प्लायचे तुकडे ठेवत ठेवत त्याने पलंग अर्ध्या अर्ध्या इंचाने वर नेला. आरोही दर वेळी फळीवरून चढून जायची आणि वरून म्हणायची, पुढे चला. चोवीस इंचांपर्यंत ती गेली. साडेचोवीसला तिचे हात घसरले. गोरक्षने नव्या वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं, चोवीस, आणि खाली दोन रेघा मारल्या. त्या दिवशी ते तिघेही इतके खुशीत होते की उज्वलाने मला चकल्यांचा डबा बांधून दिला.

त्यानंतर आमची प्रत्येक सुट्टी शोरूममध्ये जायला लागली. आमची म्हणजे मलाही त्याने ओढलंच. मी माझी गाडी अर्ध्या तासात घेतली होती. लाल रंग दिसला, आवडला, विषय संपला. गोरक्षच्या बरोबर मात्र पोतं असायचं. गादीवर माणूस बसला की ती दबते, तर दबल्यावरची उंची हवी, म्हणून आरोहीच्या वजनाएवढे अडतीस किलो गहू त्याने पोत्यात भरून घेतले होते. ते पोतं माझ्या गाडीतून न्यायचं, चकचकीत फरशीवरून आम्ही दोघांनी झोळीसारखं धरून आत आणायचं आणि नव्या कोऱ्या गाडीच्या पुढच्या सीटवर ठेवायचं. पोरगी म्हणाली होती मी गव्हाचं पोतं नाही, आणि बापाने तिच्या जागी नेमकं तेच आणलं, हे मला पहिल्याच दिवशी सुचलं होतं. बोललो नाही, त्याला लागलं असतं.

विक्रीची पोरं आधी चक्रावायची. ती स्क्रीन किती मोठी आहे ते सांगत असायची आणि हा गुडघ्यावर बसून दाराचा उंबरा मोजत असायचा. दार किती उघडतं, खुर्ची चाकं न काढता डिकीत जाते का, छताची कड कुठे येते. एका पोराने छत उघडतं म्हणून कौतुकाने बटण दाबून दाखवलं, तर गोरक्षने आतून माप घेऊन सांगितलं, की या खिडकीपायी आतलं छत दीड इंच खाली आलंय, बिनखिडकीची दाखवा. मधूनच तो दार उघडून मिटायचा, कान लावायचा आणि बिजागर आपलं आहे की दुसऱ्याचं ते ओळखायचा. मला हसू यायचं. खरं सांगायचं तर पहिले पाच-सहा महिने मजाच आली.

गाड्यांना तो शोरूमच्या जागेवरून नावं द्यायचा. मुंबई नाक्याची पंचवीस इंच, बाद. त्र्यंबक रोडची सव्वाचोवीस, पण सीट खाली-वर होणारं मॉडेल पुढच्या वर्षी येणार होतं, म्हणून थांबला. पाथर्डी फाट्याची साडेतेवीस, पण दार हवं तेवढं उघडत नव्हतं, फळी तिरकी बसत होती. मग त्याने कारखान्यात जुन्या फळ्यांना वेगवेगळे तिरके काप देऊन पाहिले. मग त्र्यंबक रोडचं ते नवं मॉडेल आलं, त्यात सीट खाली गेली पण उंबरा वर आला. पाव इंचासाठी महिने जात होते. मी चिडायचो. सव्वाचोवीस आणि चोवीस यात फरक तो काय, पोरगी एक जोर जास्त लावेल. तो मान हलवायचा. "पास म्हंजी पास आन् नापास म्हंजी नापास. तिथं गल्लीत सगळ्यांच्या देखत ती मधी अडकली तर मी काय करू, सांग."

मी परत गव्हाचं पोतं उचलायचो.

दुसऱ्या वर्षी उन्हाळ्यात मी त्याच्या घरी गेलो तेव्हा आरोही चहा प्लास्टिकच्या कपातून पीत होती. पूर्वी तिचा स्टीलचा मोठा पेला असायचा. आता तो हलका कप तिने दोन्ही हातांत धरला होता. वहीत लिहायची ती आता मोबाइलला सांगून टिपणं काढत होती, त्यातच सोपं पडतं म्हणाली. मी पाहिलं. गोरक्षही तिथेच बसला होता, त्याने वही काढली आणि मला पाथर्डी फाट्याच्या गाडीच्या दाराचं माप दाखवायला लागला. मीही मान घालून ते बघत बसलो. याची मला आज लाज वाटते.

त्याच सुमारास पाथर्डी फाट्याच्या शोरूममधली तेजल नावाची मुलगी आमच्या ओळखीची झाली होती. पोतं आलं की स्वतः सीट मागे सरकवून द्यायची. तिने एक दिवस आपणहून सुचवलं, की काका, तुम्ही इतके दिवस येताय, मी गाडीच तुमच्या घरी पाठवते, ताईंना एकदा बसून बघू द्या. यात काही गैर नव्हतं, सगळेच करतात. गोरक्ष पटकन म्हणाला, नको. आरोहीला असं तपासायला लावलेलं आवडत नाही, गाडी एकदाच घरी येईल, ती आपली असेल तेव्हाच.

बाहेर आल्यावर मी त्याच्यावर उखडलो. दोन वर्षं गहू बसवतोयस, एकदा पोरीला बसव की. तो रस्त्याकडे बघत म्हणाला, "माप हाय ना माझ्याकडं."

तेव्हा मी म्हणायला हवं होतं, की गोरक्ष, तुझ्या त्या चोवीसची तारीख काय? मी म्हटलं नाही. सव्वीस वर्षं ज्याच्याशी ऊठसूट भांडलो, त्याच्याशी त्या एका दिवशी भांडायची माझी छाती झाली नाही.

श्रावणात पाथर्डी फाट्याच्या गाडीचं सुधारलेलं मॉडेल आलं. दार पूर्ण उघडत होतं, छत उंच, आणि सीट सगळ्यात खाली नेऊन पोतं ठेवलं की साडेतेवीस इंच बरोबर. गोरक्षने पाच वेळा मोजलं. मग तिथल्याच खुर्चीत बसून त्याने तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाला, "पास." तेजलने पेढे मागवले. त्याच आनंदात त्याने पोत्यातले गहू उज्वलाला दळायला देऊन टाकले. पितृपक्ष उलटल्यावर दसऱ्याला गाडी घ्यायचं ठरलं.

दसऱ्याला सकाळी गाडी गल्लीत आली. पांढरी, पुढे झेंडूचा हार. उज्वलाने ओवाळलं, बोनेटवर स्वस्तिक काढलं, चाकांखाली लिंबं ठेवली. आजूबाजूच्या बायका, पोरं सगळी जमली होती. नवी गाडी आधी वणीच्या देवीला न्यायची, मग बाकी सगळं, ही ढिकल्यांच्या घरची रीत. मीही बरोबर जाणार होतो. आरोही मोरपंखी ड्रेस घालून खुर्चीत बसून बाहेर आली. दोन वर्षांत तिला मी पहिल्यांदा उंबऱ्याबाहेर बघत होतो.

गोरक्षने पुढचं डावं दार उघडलं, खुर्ची लावली, ब्रेक दाबले आणि फळी ठेवली. अशी बेमालूम बसली ती, जणू गाडीबरोबरच आली होती. मग तो दोन पावलं मागे सरकला. हात लावायचा नाही, हे ठरलेलंच होतं.

आरोहीने तळहात टेकले, जोर केला. चार बोटं सरकली. पुन्हा जोर केला, आणखी दोन बोटं. मग तिचे दंड थरथरायला लागले आणि ती फळीवरून हळूच मागे घसरून खुर्चीत आली. ती म्हणाली, परत करते. परत केलं. या वेळी तेवढंही नाही.

"गल्लीला उतार हाय," गोरक्ष म्हणाला. त्याने लिंबं बाजूला केली, गाडी दहा फूट पुढे सपाटीवर नेली. पुन्हा खुर्ची, पुन्हा फळी. पुन्हा तेच. मग त्याने खिशातली टेप काढली आणि सीट मोजली. साडेतेवीस आणि वर पाव. पोतं नव्हतं ना. हाताने गादी दाबून मोजली, साडेतेवीस. तो उभा राहिला, काहीतरी सुचल्यासारखा पुढच्या चाकाशी गेला, नव्या शर्टानिशी मातीत गुडघे टेकले आणि चाकाच्या हवेचं टोपण फिरवायला लागला. मी जवळ जाऊन विचारलं, काय करतोस हे? तो म्हणाला, चारही चाकांची हवा थोडी कमी केली तर गाडी अर्धा-पाऊण इंच बसेल. तेवढ्यात फुस्स करून हवा निघाली.

"पप्पा, हवा सोडू नका," आरोही म्हणाली. "गाडी बरोबर आहे."

त्याने मान वर केली नाही. हवा निघत राहिली.

"मी आता चोवीसची नाही, पप्पा. मी एकवीसची आहे. गुढीपाडव्याला आई आणि मी विटा लावून मोजलं."

आता त्याचा हात थांबला. त्याने उज्वलाकडे पाहिलं. उज्वलाच्या हातात अजून ओवाळणीचं ताट होतं, तिने ते तसंच घट्ट धरून ठेवलं होतं. "मला सांगितलं का नाय?" तो बायकोला म्हणाला. इतक्या हळू, की मी जवळ होतो म्हणून ऐकू आलं.

उत्तर आरोहीने दिलं. "तुम्हाला मोजायचं असतं तर तुम्ही मोजलं असतंत."

सहा महिने या दोघींना माहीत होतं. दर सुट्टीला हा माणूस पोतं घेऊन निघायचा, संध्याकाळी पाव इंच मिळवून हसत घरी यायचा आणि त्या दोघी त्याला चहा करून द्यायच्या. आणि यालाही माहीत होतं. चार दिवस उशीर झालेलं गेज ज्याला दहा फुटांवरून दिसतं, त्याला प्लास्टिकचा कप दिसला नसेल? त्याने अख्ख्या नाशकातल्या गाड्या मोजल्या, फक्त तो पलंग परत मोजला नाही. हे सगळं मला त्या क्षणी कळलं आणि मी काहीही करू शकत नव्हतो. ना गाडी खाली येणार होती, ना पोरीचे हात परत येणार होते.

"आता उचला," आरोही म्हणाली. "लिंबं लावलीत, लोक थांबलेत. देवीला जायचंय ना."

गोरक्ष उठला. गुडघ्यांची माती झटकायलाही त्याला सुचलं नाही. त्याने तिला उचललं तेव्हा तिने आपली ओढणी मुठीत गोळा करून धरली होती, कुठे अडकू नये म्हणून, आणि मान ताठ ठेवून ती सरळ समोर बघत होती. कुणीतरी पोर टाळ्या वाजवायला लागलं, त्याला मी डोळे वटारून गप्प केलं. सीटवर ठेवल्यावर तिचं डोकं छताला लागलं नाही. चार बोटं जागा शिल्लक राहिली. ते एक माप मात्र अगदी बरोबर आलं होतं.

वणीला जाऊन आलो. गडावर आरोही गाडीतून उतरली नाही. दिवसातून एकदा उचललं तेवढं पुरे, म्हणाली. काचेतूनच तिने हात जोडले. गोरक्ष दर्शनाला गेला नाही, दाराशी उभा राहिला.

ही गेल्या वर्षीची गोष्ट. गाडीचा हप्ता, मायलेज, रंग याबद्दल लोक त्याला विचारतात, तो काहीतरी सांगतो. आरोही आता महिन्यातून एक-दोनदा बाहेर पडते, परीक्षेला वगैरे. गोरक्ष तिला उचलतो, ती ओढणी मुठीत धरते.

मात्र दसऱ्यानंतर लगेच एक ठराव आरोहीने केला. दर महिन्याच्या एक तारखेला मोजायचं, सगळ्यांच्या समोर, चोरून नाही. पहिल्या वेळी तिने मलाही बोलावलं. पलंगाखाली आता विटा लागत नव्हत्या, प्लायचे दोन तुकडे पुरले. पावणेएकवीस आलं. गोरक्षने वही उघडली. कारखान्यातल्यासारखेच रकाने आखलेले होते. त्याने माप लिहिलं, आजची तारीख लिहिली. शेजारी पुढच्या तपासणीचा रकाना होता, तिथे पेन टेकवून तो थांबला.

पलंगावरून आरोही त्याच्याकडे बघत होती. "पप्पा, पुढची तारीख लिहा ना," ती म्हणाली.

सव्वीस वर्षांत त्या रकान्यापाशी त्याचा हात अडलेला मी पाहिला नव्हता. त्याने पेनाला टोपण लावलं, पेन खिशात ठेवलं आणि पलंगाखालचे प्लायचे तुकडे काढायला तो खाली वाकला.